पाणी चढण्याआधी गोळ्या पोहोचू द्या

मा. जिल्हाधिकारी, सांगली आणि मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
(अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) यांस,



दरवर्षी मे महिन्यात आपल्याकडे मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, निवाऱ्यासाठी कोणत्या शाळा, जनावरांच्या चाऱ्याचे काय, सगळे विचारले जाते. आरोग्य विभागाची पाळी आली की एक ठरलेले वाक्य येते, 'पुरेसा औषधसाठा उपलब्ध आहे', आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून येते. हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. पुरेसा म्हणजे कोणाला पुरेल एवढा? आणि उपलब्ध कुठे, गावात की तालुक्याला?

मी कृष्णाकाठच्या एका गावात औषधाचे दुकान चालवतो. 2005, 2019 आणि 2021 हे तिन्ही पूर मी गल्ल्यावर बसून पाहिले आहेत. पाणी वेशीशी आले की माणसे दोन दुकानांकडे धावतात, किराणा आणि औषध. किराणा काय न्यायचा हे त्यांना पाठ असते. औषधांच्या बाबतीत मात्र सगळा गोंधळ, आणि तो गोंधळ सरकारी नियोजनातही जसाच्या तसा उतरलेला दिसतो.

आधी आपल्या पुराचा स्वभाव. तो कोकणासारखा नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूणकर जागे झाले तेव्हा बाजारपेठ पाण्यात होती. त्यांच्या हाताशी काही तासच होते. आपल्याकडे पाणी फुटाफुटाने चढते. कोयनेचा विसर्ग किती, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, आयर्विनला किती झाले, हे गावातले पोरही सांगते. सांगलीच्या आयर्विन पुलाला 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 आणि 43, हे आकडे इथे शाळेत शिकवावे लागत नाहीत. म्हणजे आपल्याला दोन-तीन दिवसांची मुदत मिळते. पण एकदा चढलेले पाणी लवकर हलत नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी मागे तुंबते आणि शिरोळ तालुक्यातली गावे बेटे होऊन बसतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनखाली पाणी 57 फुटांच्या वर गेले, 2021 च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर 56 फुटांच्या. 2019 ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. महामार्गच बंद, तिथे गावात औषधांची गाडी कुठून येणार?

आधी थोडा वेळ मिळतो आणि नंतर बराच काळ अडकून पडावे लागते, असा हा पूर आहे. त्याला साजेशी तयारी एकच: जे लागणार आहे ते पाणी येण्याआधी गावात असले पाहिजे. आपली औषधयोजना मात्र उलट्या क्रमाने चालते. आधी पाणी, मग वैद्यकीय पथक, मग पथकाच्या पेटीतली औषधे.

आणि त्या पेटीत काय असते? तापाची गोळी, ओआरएस, खोकल्याचे औषध, खाजेचे मलम, एखादे अँटिबायोटिक. वाईट काहीच नाही. पण निवारा केंद्रात जमलेल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसांना विचारा, त्यांचे काय संपले आहे. रक्तदाबाची गोळी संपली. साखरेची संपली. कोणाची थायरॉईडची, कोणाचा दम्याचा पंप, कोणाच्या मुलाची फिटची. मनोरुग्णाच्या आईला तर चारचौघांत विचारायचीही चोरी. पूर हे काही त्यांचे दुखणे नाही. दुखणे जुनेच आहे, पुराने फक्त गोळी तोडली. फिटची गोळी एकदम बंद झाली तर झटका कोणत्याही क्षणी येऊ शकतो, आणि तो पाण्याने वेढलेल्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर आला तर 108 ला फोन करून काय उपयोग? क्षयरोगाच्या, एचआयव्हीच्या औषधांत खंड पडला तर रोग औषधाला दाद देईनासा होण्याची भीती असते, हे आपल्या आरोग्य अधिकाऱ्यांना मी सांगायला नको.

हे केवळ दुकानदाराचे निरीक्षण म्हणून सोडून देऊ नये. 2017 च्या सप्टेंबरात पोर्तो रिको बेटावर मारिया चक्रीवादळ आदळले. पुढच्या वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये घरोघर केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. वादळानंतरच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यूंमागे उपचार लांबणे किंवा तुटणे हे कारण होते. अशी मोजणी आपल्याकडे होत नाही. आपल्याकडे बुडून गेलेला माणूस पूरबळी ठरतो. महिनाभराने पक्षाघाताने गेलेला म्हातारा कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

म्हणून पहिली मागणी साधी आहे. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक नोंदीत रुग्णाला मे अखेरीस दोन महिन्यांची औषधे एकदम द्या आणि सप्टेंबरपर्यंत त्याच्या घरात निदान महिनाभराचा साठा राहील असे पाहा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सध्या फार तर महिन्याची गोळी मिळते, कधी पंधरा दिवसांची. आपले अधिकारी म्हणतील, नियमात बसत नाही. बसते. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच सूचना काढली होती की रक्तदाब, मधुमेह, फुप्फुसांचा जुनाट आजार (सीओपीडी), मानसिक आजार यांच्या माहीत असलेल्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे आशांमार्फत किंवा उपकेंद्रातून द्यावीत. एचआयव्हीच्या औषधांबाबतही तेव्हा तसेच झाले. साथीसाठी जे जमले ते पुरासाठी का जमू नये? पूर तर सांगून येतो.

लोक गोळ्या हरवतील, विकतील, एकदम खातील, असाही एक आक्षेप घेतला जातो. रक्तदाबाची सरकारी गोळी कोण विकत घेणार, हे मला औषधविक्रेता म्हणून अजून कळलेले नाही.

यादीचे काम आशाताई करू शकतात. बाळंतपणाची तारीख पावसाळ्यात येणाऱ्या बायकांची यादी त्या करतातच, आणि त्या बायकांना पाण्याआधी हलवण्याची धडपडही त्याच करतात. त्याच वहीत आणखी काही पाने लागतील. (त्या पानांचे वेगळे मानधन द्यावे. आशांच्या डोक्यावर फुकटची कामे रचण्याची सवय सगळ्याच खात्यांना लागली आहे.) आणि प्रत्येक रुग्णाला एक जाड कार्ड द्या, त्यावर औषधाचे मूळ नाव, ताकद आणि वेळ. कंपनीचे नाव नको. निवारा केंद्रात माणूस येतो आणि म्हणतो, 'ती लाल कागदातली, सकाळी अर्धी.' आता लाल कागदात रक्तदाबाची गोळीही येते आणि रक्त पातळ करण्याचीही. मोबाईलवर पाकिटाचा फोटो काढून ठेवा असा सल्ला शहरात ठीक आहे. इथे दुसऱ्या दिवशी वीज जाते आणि तिसऱ्या दिवशी मोबाईल मरतो.

विजेवरून इन्सुलिन आठवले. महावितरण सुरक्षेसाठी वीज तोडते, ते बरोबरच आहे. मग घरोघरी भीती पसरते की फ्रीज बंद, म्हणजे इन्सुलिन गेले, आणि चांगल्या बाटल्या फेकल्या जातात. न फोडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची हे खरे. पण वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, गार जागी साधारण चार आठवडे चालते, आणि ऑगस्टात कृष्णाकाठी घरात एवढा उकाडा नसतो. मातीच्या मडक्याला ओले फडके गुंडाळून आत ठेवली तर उत्तम. बर्फाला थेट लावून ठेवली तर मात्र ती गोठते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी. एवढी माहिती एका कागदावर छापून कार्डासोबत दिली तर कितीतरी रुग्णांचा खंड वाचेल.

आता सापाकडे येतो. पुरात बिळे बुडतात आणि साप उंच जागा शोधतात. माणसेही उंच जागाच शोधत असतात. घोणस उसाच्या फडातून गोठ्यात येते, मण्यार रात्री अंथरुणात. पाणी उतरल्यावर चिखल काढताना, ओली लाकडे आणि शेणी हलवताना दंश होतात ते वेगळेच. 'पुरेसा साठा' या शब्दांची खरी परीक्षा इथे होते. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. तिचा सुरुवातीचा डोस आठ ते दहा व्हायल्सचा. घोणशीच्या दंशात त्याहून बऱ्याच जास्त लागू शकतात. म्हणजे एखाद्या केंद्राच्या कपाटात चार व्हायल्स असतील तर कागदावर साठा आहे, प्रत्यक्षात एका माणसालाही पुरणार नाही. पूरपट्ट्यातल्या आरोग्य केंद्रात दोन रुग्णांना पुरतील इतक्या, म्हणजे किमान वीस व्हायल्स, जून ते सप्टेंबर असल्याच पाहिजेत.

त्यातही कोणत्या प्रकारची लस हे पाहावे. द्रवरूप लसीला फ्रीज लागतो आणि पुरात फ्रीज बंद. भुकटीच्या रूपातली लस फ्रीजविना राहते आणि टिकतेही जास्त, बहुधा पाच वर्षे. ती पाण्यात विरघळवताना बाटली खदाखदा हलवायची नाही, हलकेच गोल फिरवायची. घाईत हे विसरले जाते. आणि ही लस एकटी ठेवून चालत नाही. काहींना तिचीच तीव्र रिअॅक्शन येते. शेजारी अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हवे, नाग-मण्यारीच्या दंशासाठी निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन हवे, हाताने श्वास देण्याची अंबू बॅग हवी, आणि हे सगळे वापरायला न घाबरणारा डॉक्टर हवा. डॉक्टर पाण्यापलीकडे राहत असेल तर इशारा पातळी गाठताच त्याचा मुक्काम केंद्रात हलवा. हे औषधसाठ्यात मोडत नाही असे कोणी म्हणेल. माझ्या मते देणाऱ्याशिवाय औषध म्हणजे नुसती बाटली.

जुलाब आणि पाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या आघाडीवर यंत्रणा बरी आहे. दोनच गोष्टी. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे उघडे पोते दमट हवेत क्लोरीन गमावते, तेव्हा गेल्या वर्षीचे पोते मोजून साठा दाखवू नये. आणि ओआरएसची मोठी पुडी एक लिटरला असते, छोटी 200 मिलीला. हे पुडी देताना तोंडाने सांगितलेच पाहिजे, नाहीतर मोठी पुडी एका पेल्यात कालवली जाते. मदतीच्या गाड्यांतून ओआरएस नावाची गोड खोकी यायची, ते ओआरएस नव्हते. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली, ते बरे झाले.

मदतीच्या गाड्यांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. 2019 ला साऱ्या महाराष्ट्रातून मदत आली आणि ती देणाऱ्यांचे ऋण हा भाग विसरणार नाही. पण औषधांच्या खोक्यांचे काय करायचे हा प्रश्न तेव्हाही होता. कोणाच्या घरातली उरलेली अर्धी पाकिटे, मुदत संपत आलेल्या बाटल्या, डॉक्टरांना मिळालेली नमुन्याची औषधे, सगळे एकत्र. ते निवडायला माणसे लागतात, आणि ती माणसे तेव्हा रुग्णांजवळ हवी असतात. 1988 च्या डिसेंबरात आर्मेनियात मोठा भूकंप झाला, तेव्हा जगभरातून सुमारे 5000 टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य आले. ते नुसते ओळखून लावायला पन्नास माणसांना सहा महिने लागले आणि ताबडतोब कामाचे निघाले ते सुमारे 30 टक्के. पुढे 1996 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम केले: पोहोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, रुग्णांनी परत केलेली औषधे देऊ नयेत, जे मागितले आहे तेच द्यावे. हे नियम मराठीत एका पानावर छापून पुराच्या पहिल्याच दिवशी प्रसिद्ध करा. सोबत त्या दिवशी खरोखर काय हवे त्याची यादी. पुण्या-मुंबईची मंडळे यादी मागतातच. ती कोणी देत नाही म्हणून ती आपल्या मनाने खोकी भरतात.

पाणी उतरल्यावरचा एक मुद्दा राहिला, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा). चिखलात, गोठ्यात, जनावरांच्या मुतात अनवाणी काम करणाऱ्याला तो गाठतो. अशा जोखमीच्या लोकांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देण्याची पद्धत मुंबई-कोकणात रुळलेली आहे. गरोदर बाया आणि आठ वर्षांखालची मुले वगळायची. आपल्याकडे ही गोळी साफसफाई संपत आल्यावर पोहोचते. ती फावड्यांसोबत पोहोचायला हवी.

आता साठा ठेवायचा कुठे? तालुक्याच्या भांडारात ठेवलेला साठा पुराच्या दिवशी गावासाठी नसल्यासारखाच. तो आणायला बोट लागते, आणि आपल्याकडे बोटीचा प्रवास जिवावर कसा बेततो हे 2019 ला ब्रह्मनाळच्या बोट दुर्घटनेने दाखवले. गोळ्यांच्या एका पाकिटासाठी बोट पाण्यात उतरवावी लागणे हीच नियोजनाची हार आहे. पाण्याने तुटणाऱ्या प्रत्येक गावात, 2019 च्या पाणीरेषेच्या वर, एक कुलूपबंद पेटी हवी. बहुतेक गावांत ती रेषा भिंतींवर रंगवून ठेवलेली आहे, शोधायला जायला नको. किल्ली आशा आणि उपकेंद्राच्या सिस्टरकडे. पेटीत अँटिबायोटिक नको, झोपेच्या गोळ्या नकोत. तापाची गोळी, ओआरएस, मुलांसाठी झिंक, ड्रेसिंगचे सामान, क्लोरीनचे थेंब, आणि वर सांगितलेल्या यादीप्रमाणे जुन्या आजारांची पंधरा दिवसांची औषधे. गावाच्या आरोग्य व पोषण समितीकडे वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी असतो. पेटी आणि कुलूप त्यातून होईल. औषधे जिल्ह्याने द्यावीत.

खर्चापेक्षा मोठी भीती वाया जाण्याची असते. पूर आला नाही तर गोळ्या पडून राहतील, मुदत संपेल, लेखापरीक्षक आक्षेप काढतील, म्हणून अधिकारी कमीच मागणी नोंदवतात. या भीतीवर उपाय आहे आणि तो कोणताही औषधविक्रेता सांगेल. मुदत जवळ आलेला माल आम्ही जिथे खप जास्त तिथे पाठवतो. ऑक्टोबरात गावोगावच्या पेट्या उघडा आणि उरलेले सगळे सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्या. तिथे रोज लागणाऱ्या या गोळ्या बघता बघता खपतील. सर्पदंशाच्या लशीही तशाच फिरवता येतील. मेमध्ये पेट्यांत नवा माल. ई-औषधी प्रणालीत साठ्याच्या नोंदी आहेतच. ही फेरी त्यात बसवायची.

खरेदीचे दुखणे मात्र आपल्या हातात पूर्ण नाही, हे मान्य. राज्याची औषधखरेदी 2017 मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेली, 2023 मध्ये वेगळे प्राधिकरण झाले, मधल्या काळात रुग्णालये स्थानिक खरेदीवर तगली. तामिळनाडूने 1994 मध्ये महामंडळ काढले, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे उभारली, प्रत्येक आरोग्य केंद्राला पासबुक दिले. त्यांना तीस वर्षांपूर्वी सुचले ते आपण अजून चाचपतो आहोत. पण निविदा अडली म्हणून कृष्णा थांबत नाही. एप्रिलपर्यंत राज्याकडून माल आला नाही तर जिल्हा नियोजनच्या निधीतून पूरपट्ट्यापुरती खरेदी करण्याचा अधिकार आणि जबाबदारी आपण घ्यावी.

गावकऱ्यांनाही एक शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. आजीच्या बटव्यातली सुंठ, ओवा, हळद जरूर बरोबर घ्या, घसा आणि पोट त्याने सावरतात. पण सापाच्या दंशावर पाला बांधत बसू नका, जखम कापू नका, दोरी आवळू नका. आणि गेल्या तापातली उरलेली अँटिबायोटिकची तीन कॅप्सूल 'असू द्यात' म्हणून पिशवीत टाकू नका. पुराच्या पाण्यात भिजलेली औषधे, पाकीट वरून चांगले दिसले तरी, वापरू नका. रेशनकार्ड आणि सातबारा ज्या प्लास्टिकच्या पिशवीत घालता तिच्यातच गोळ्या घाला.

महोदय, पुढच्या आढावा बैठकीत आरोग्य विभाग 'पुरेसा साठा आहे' म्हणाला की आपण एकाच गावाचे नाव घ्या. कुरुंदवाडजवळचे घ्या, पलूसकडचे घ्या, कोणतेही चालेल. विचारा, त्या गावात रोज रक्तदाबाची गोळी खाणारी माणसे किती, त्यांच्या घरात आज किती दिवसांची गोळी आहे, आणि जवळच्या केंद्रात सर्पदंशाच्या व्हायल्स किती. उत्तर आकड्यात आले नाही तर बैठक तहकूब करा आणि आठ दिवसांनी पुन्हा बोलवा.

आपला,
कृष्णाकाठचा एक औषधविक्रेता